मास्तरांचा बदल

कुलूप इवलंसं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं, कॉम्प्युटरच्या पडद्यावर मुख्य कोडच्या नावाशेजारी… सकाळपासून तिची नजर फिरून फिरून तिथंच जात होती. आता कुणालाही कोडमधला आपला बदल परस्पर आत ढकलता येणार नव्हता. आधी तिनं तो वाचायचा, मंजूर करायचा, मगच तो आत. गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्याच्या घाईच्या बदलामुळे औषधांच्या ऑर्डरी दोनदोनदा गेल्या, तेव्हा साहेबांनी हे कुलूप घातलं आणि चावी तिच्याकडे दिली. "मंजुरीसाठी आणखी कुणाचं नाव घालू?" त्यांनी विचारलं होतं. ती म्हणाली होती, "नको."

मी का 'नको' म्हणाले? मास्तरांचं नाव तरी सुचवायचं — समोर, तिच्याकडे पाठ करून, मास्तर बसले होते. सगळं ऑफिस त्यांना मास्तरच म्हणे. हे कोड मुळात त्यांनीच लिहिलेलं, आणि ती नवीन असताना पहिल्याच दिवशी सगळ्या परवानग्या तिच्या हवाली करून ते म्हणाले होते, "बिघडव बिनधास्त. निस्तरायला मी आहे." आज त्यांचाच बदल तिच्यापुढे मंजुरीसाठी येऊन पडला होता, जेमतेम पानभर…

तिनं तो वाचला. पुन्हा वाचला. लग्नानंतर सासूबाई तिनं घासलेली भांडी चकार शब्द न काढता परत विसळायच्या, आणि ती बाहेरच्या खोलीत बसून नळ कधी बंद होतोय याची वाट बघायची — मास्तरही आत्ता तशीच वाट बघत असतील का? पाठ तर निवांत दिसत होती. त्यांनी चष्मा पुसला. थोड्या वेळानं पुन्हा पुसला.

एका ओळीशी ती थबकली. इथं ऑर्डर रिकामीच आली तर? तिचा जीव एकदम हलका झाला, बोटं शेरा लिहायलाही लागली… मग नजर खाली गेली. रिकाम्या ऑर्डरीची सोय मास्तरांनी पुढच्याच ओळीत केली होती. तिनं शेरा पुसून टाकला.

"झालं का गं बघून?" मास्तरांनी मान न वळवता विचारलं. "घाई नाही हं. कुलूप घातलंय, तर नीट बघूनच उघड."

"बघतेय," ती म्हणाली.

बदलात खोट नव्हती, हे तिला केव्हाच कळून चुकलं होतं. एक चूक, अगदी बारीकशी सापडली असती, तरी तो 'नको' तिला पचला असता… मंजुरीच्या बटणावरचं बोट तिनं उचललं आणि पहिल्या ओळीपासून परत वाचायला घेतलं, या वेळी आणखी सावकाश.