तडा गेल्यानंतरचे घाव

बाबांना बांधकामावर सगळे ओळंबा म्हणत, भिंत सरळ आहे का ते दाखवणाऱ्या वजनाच्या दोरीवरून. एकदा सरळ म्हटलं की सरळ, मग आभाळ कोसळलं तरी इंचभर हलायचे नाहीत. मी त्यांचीच लेक. म्हणजे घरात ओळंबे दोन आणि गटाराच्या झाकणांचा कारखाना एक.

शाळेसमोरच्या गल्लीसाठी झाकणं करायची होती, आणि ती मला माझ्या मिश्रणाची हवी होती. सिमेंट फक्त तिसरा हिस्सा, बाकी कोळशाची राख आणि पोलादभट्टीत मागे उरणारी मळी दळून, आत जुन्या टायरांतून काढलेल्या बारीक तारा. सिमेंट भाजताना निघणारा धूर तेवढाच वाचतो. पण बाबांच्या होकाराशिवाय फाटकातून झाकण बाहेर जात नसे.

"सिमेंट कमी म्हणजे जीव कमी," बाबा म्हणाले. "राख भांडी घासायला ठीक आहे."

मला राग आला, पण त्यांची भीती कुठून येते तेही ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच ओतलेलं झाकण आईच्या पायाखाली फाडकन दुभंगलं होतं. तेव्हापासून आई लंगडते आणि झाकण दिसलं की वळसा घालून जाते.

राखेला घाई चालत नाही, म्हणून झाकण पक्कं व्हायला मी नेहमीच्या अठ्ठावीसऐवजी छप्पन्न दिवस थांबले. मग अंगणात विटांच्या आधारावर दोन झाकणं मांडली, एक त्यांचं, एक माझं. फक्त मिश्रण तपासायचं, म्हणून सळई दोन्हींत नाही. वर कप्पीला दहा किलोचं वजन, कमरेच्या उंचीवरून सोडायचं.

बाबांचं झाकण एकोणिसाव्या घावाला चिरलं, एकविसाव्याला दोन तुकडे होऊन खाली पडलं. माझं चोविसाव्याला चिरलं.

"तडा गेला, खेळ खलास." बाबा हात झटकून निघाले. सगळे गवंडी इथेच मोजणी थांबवतात.

"माझी मोजणी इथून सुरू होते," मी म्हटलं आणि दोरी ओढली. पंचवीस. सव्वीस. साठाला बाबा परत आले. नव्वदाला माझ्या हातून दोरी हिसकावून स्वतःच वजन सोडू लागले, जणू जुना हिशेब चुकता करायचा होता. दीडशेला ते घामाघूम. तडा काठापासून काठापर्यंत गेला होता, पण तारांनी दोन्ही बाजू घट्ट धरून ठेवल्या होत्या.

आवाजाने आई बाहेर आली. "फुटलं का?"

"फुटलंय गं," बाबा म्हणाले. "पण पडत नाहीये."

"तडा कुठे आहे?"

बाबांनी बोटाने दाखवला. आईने चपला काढल्या, बाबांचा हात धरला आणि लंगडा पाय नेमका त्या तड्यावर ठेवला. मग दुसरा. झाकण जागचं हललं नाही.

"सोडा आता," आई म्हणाली. "उभी आहे मी."

बाबांनी हात सोडला आणि बाहीने डोळे पुसले.

"पोरी," ते म्हणाले, "शाळेला किती झाकणं हवीत?"