वय अधिक शंभर

केशोरी गावच्या डॉक्टरांचा हिशेब सोपा होता. वयात शंभर मिळवायचे, तेवढा बीपी चालतो. ललिताचं वय अठ्ठावन्न, बीपी एकशे छप्पन्न. "उलट दोन कमीच आहे की," डॉक्टर हसून म्हणाले होते. नऊ वर्षं शुगरचा आजार असलेली, अंगणवाडीत खिचडी शिजवणारी ललिता त्या हसण्यावर विसंबून वर्षभर निवांत राहिली. पाय सुजायचे, तर चुलीपुढे उभं राहून सुजत असतील, अशी स्वतःची समजूत घालायची.

मंगळवारी दुलारीबाईंनी तिला हाक मारली. गावातले मोठे शेतकरी केशोराव, त्यांची ही बायको. "ललिता, मले बारीक दिसत नाही वो. आमच्या मालकाचा डाक्टरचा कागद वाचून दे."

केशोराव चौसष्टचे. आजार तोच, डॉक्टरही तेच. कागदावर मात्र लिहिलं होतं : शुगर आहे, म्हणून बीपी एकशे तीस-ऐंशीच्या खाली हवा. नाहीतर किडनीला धोका. गोळी रोज.

ललितानं कागद दोनदा वाचला. चौसष्टात शंभर मिळवले की किती होतात, एवढं तिला येत होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. गाव एक, रोग एक, आणि मापं दोन!

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात उभी राहिली.

"त्यांचं वेगळं आहे," डॉक्टर म्हणाले. "ते गोळ्या नेमानं घेतात. तुम्ही लोक चार दिवस घेता नि सोडता. मग लिहून काय उपयोग?"

"आमी लोक?" ललितानं थैली टेबलावर उपडी केली. शुगरच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग पडला, काही खाली घसरली. "पयल्या वर्षी तुमीच म्हनलं, रिकामं पाकीट दाखवत जा. कवापर्यंत ते सांगतलं नाही, म्हून नऊ वर्साचे सारे ठेवले. मोजा! मले न इचारता कायच्या भरोशावर ठरवलं, का ही बाई गोळी खानार नाही?"

डॉक्टरांनी बीपीची गोळी लिहिली. खाली लघवीची तपासणीही लिहिली.

"हे कायले?"

"किडनीवर परिणाम झालाय का, ते बघायला."

"म्हंजे माहं हे वरीस फुकट गेलं असन, त कोन भरून देनार?"

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला, तिनं तो परत सरकवला.

"एकशे तीसबी लिहा. मोठ्या अक्षरात."

थैली नि पाकिटं टेबलावरच सोडून, कागद घेऊन ती बाहेर आली. बाकावर तिच्याच मोहल्ल्यातले सुकरामभाऊ नंबर लावून बसले होते. शुगर त्यांनाही होती. ललितानं त्यांच्या हातातला जुना कागद ओढून घेतला. बीपी एकशे सदुसष्ट. पुढे तेच अक्षर : वयाच्या मानानं ठीक.

तिनं म्हाताऱ्याचा दंड धरला आणि नंबराची वाट न बघता दार पुन्हा ढकललं.

"साहेब, थैली उचलू नका. आता या सुकरामभाऊचा कागद लिहा."