मागे फीर

रेशमाचा फोन आला तेव्हा जीवराम चोपड्याच्या स्टँडवर अमळनेरच्या गाडीची वाट बघत होता. रेशमा म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची, मंगाची बायको.

"भाऊ, त्याले रगतनी उलटी व्हयनी. तुमलेच बलावस. आत्ताच या."

जीवराम सातपुड्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक. मंगाचं नाव मंडळीतून त्यानेच कापलं होतं. दारू पिऊन मंगा भर उपासनेत ओरडला, आणि सख्खा भाऊ म्हणून सूट नाही, असं जीवरामने सगळ्यांदेखत सांगितलं. पुढे मंगाला टीबी झाला, तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना केली तीही आपल्याच घरी बसून.

गाडी लागली. पायरीवर पाय ठेवताना आतून स्पष्ट आलं : मागे फीर.

ही हाक त्याच्या ओळखीची होती. तरुणपणी एकदा एसटीत बसल्या बसल्या मंडळीतल्या कोकिळाबाईचं नाव मनात घोळायला लागलं, तेव्हा तो मधेच उतरून दोन तास चालत तिच्या गावी गेला होता. बाई दोन लेकरं घेऊन विहिरीच्या काठावर बसलेली. त्याने काही विचारलं नाही. धाकटं लेकरू कडेवर घेतलं आणि म्हणाला, "चला बाई, घरी." पुढे गावं वाढली, सभा वाढल्या, हातात माईक आला. देवाला 'बघू' म्हणायची सवय कधी लागली, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"अमळनेरची सभा आटोपली की येतो," त्याने रेशमाला सांगितलं आणि खिडकीची जागा धरली.

अमळनेरला तीन दिवस तो देवाच्या दयेवर बोलला. बाया पदराने डोळे पुसत होत्या. फोन पिशवीत बंद पडून होता.

मंगा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. मे महिन्याचं ऊन, प्रेत ठेवता येईना. पाळकाला विचारल्याशिवाय नाव कापलेल्याला मंडळीच्या जागेत पुरता येणार नाही, असं मंडळीतले ज्येष्ठ कारभारी तोताराम म्हणाले. मग चौघांनी त्याला नाल्याकाठी पुरलं. प्रार्थना कुणी केली नाही.

जीवरामला वेशीवरच कळलं, तसा तो आला तो थेट त्या ढिगाऱ्यापाशी. त्याने हात जोडले आणि शब्द आपोआप यायला लागले, नेहमीसारखे, एकामागून एक नीट. डोळे मात्र कोरडे. लहानपणी याच मंगाला खांद्यावर घेऊन तो नाला ओलांडायचा, तेही आठवून पाहिलं. काही हललं नाही. तेव्हा तो घाबरला.

"पुरे करा," मागून येऊन उभी राहिलेली रेशमा म्हणाली. "त्याले भेटाले बठ्ठा उनात, फक्त तुमीच नही. दिनभर दारकडे दखत व्हता."

"काय सांगायचं होतं त्याला?"

"काहीच नही. म्हने, भाऊले सांग, उपदेश नको करू, नुसता जवळ बस."

रविवारी जीवरामने हे सगळं मंडळीपुढे सांगितलं. तोताराम उठून म्हणाले, "पाळकानं असं बोलायचं नसतं." पावसाळा लागेपर्यंत अर्धे लोक दुसरीकडे जायला लागले. जीवरामने उपदेश करणं सोडलं. प्रार्थना एकच उरली : प्रभू, मला पुन्हा दुखू दे. कित्येक आठवडे काही झालं नाही.

एका सकाळी ताटावर बसला असताना मंगाची मुलगी सारिका मनात आली. भाकरी तशीच टाकून तो निघाला. पोरगी महिनाभर खोकत होती. रेशमाने दार उघडलं आणि बाजूला झाली. तो सारिकाला धुळ्याला घेऊन गेला. तपासणीत टीबीच निघाला.

दवाखान्याच्या बाकावर सारिका त्याच्या अंगावर रेलून झोपली. तिच्या तापाची धग सदऱ्यातून आत पोचली, आणि त्याला हुंदका फुटला. मंगा, मंगा करत तो एवढ्या मोठ्याने रडला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. नर्सने पाणी आणलं.

आता तो रोज सकाळी जाऊन सारिकाला स्वतःच्या हाताने गोळ्या देतो. ताप उतरलाय, पण वजन अजून भरत नाही. रेशमा दार उघडते आणि आत निघून जाते.