हॉर्नचा अर्थ

आमचे हे जाऊन वर्ष उलटलं, पण दिवेलागणीला अजून हॉर्न वाजवतात. गाडी छपराखाली उभी, आत चिटपाखरू नाही, आणि पों! पों! हातातलं असेल ते टाकून मी फाटकाकडे धावते. फाटक उघडल्यावर कळतं, बाहेर कोणी नाही, गाडी माझ्या पाठीमागे आहे. स्वतःचाच असा संताप येतो म्हणून सांगू!

तिसरा हॉर्न वाजायच्या आत फाटक उघडं पाहिजे, हा ह्यांचा कायदा. तिसरा वाजला की ताटं भिरकावली जायची आणि त्या रात्री घरात कोणी जेवायचं नाही. बायकोवर कधी हात उचलला नाही, हे लोक कौतुकाने सांगतात. अहो, हॉर्नवर भागत होतं, हात कशाला उचलतील?

शेजारीण म्हणते, "किती जीव होता हो तुमचा, अजून धावता." डोंबलाचा जीव! आणि आमचा मुलगा, चांगला कमावता घोडा, तोही तेच म्हणतो. "आई, बाबांची आठवण येते ना तुला?" त्या जुन्या गाडीला तो स्वतःच्या हाताने पुसतो. एकदा मी गुपचूप बॅटरीची तार काढून ठेवली, तर सैल झाली असेल म्हणून याने पुन्हा घट्ट बसवली. मला फक्त एक संध्याकाळ हवी होती. चहाचा कप हातात धरून नुसतं बसून राहायची.

शेवटी तो कामावर गेल्यावर मी गाड्यांच्या वायरमनला बोलावलं. त्याला सगळे फ्यूज म्हणतात, कारण बडबड करता करता मध्येच गप्प होतो. आल्या आल्या त्याने हॉर्नवरच संशय घेतला आणि त्याला थेट बॅटरीची तार लावली. पों!

"बाई, कुठे निघालात?"

मी अर्ध्या अंगणात पोचले होते. "कुठे नाही. तुमचं चालू द्या."

हॉर्न ठणठणीत निघाला. पण स्टिअरिंग हलवलं की आपोआप वाजत होता. मग त्याने रिलेची डबी बदलून पाहिली, तरी तेच. मग स्टिअरिंगच्या दांड्यातून येणारी तार सोडवली, तेव्हा सगळं शांत झालं. "सापडला चोर! दांड्यात बसलाय," म्हणत त्याने तार ओढून काढली. घासून घासून तिचं रबर गेलं होतं, आतलं तांबं उघडं पडलं होतं.

"ह्या गाडीत हॉर्नला करंट कायमच असतो, बाई. बटण फक्त अर्थ देतं, अर्थिंग हो. दिवसभर पत्रा तापतो, संध्याकाळी निवतो, तेवढ्यात ही तार लोखंडाला टेकते. मग परस्पर अर्थ मिळतो आणि हा बोंबलतो."

ह्यांच्या वागण्याचा अर्थ मला उभ्या संसारात लागला नाही, आणि या बाबाने तो तारेत शोधून काढला. मला हसू आवरेना. मग एकदम भीती वाटली.

"म्हणजे दाबणारा नसला, तरी करंट आत असतोच?"

"असतोच की. नवीन तार टाकून देतो, काम फत्ते."

"तार नको. हॉर्नच काढा."

"अहो, मुकी गाडी?"

"मुकीच बरी."

फ्यूज गप्प झाला. त्याने हॉर्न काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि गेला.

मुलगा आला तो टेबलाशीच थबकला. "बाबांचा आवाज काढून टाकलास?"

"टाकला."

"काहीच वाटत नाही तुला?"

"वाटतं ना. हलकं वाटतं."

तो तणतणत खोलीत गेला आणि मोबाइल घेऊन लोळला. मी चहा केला. खिडकीशी बसले, पाय वर घेतले. बाहेर उजेड उतरत होता आणि मी अगदी निवांत, सुखात होते. पहिला घोट घेतला.

पों! पों!

कप कलंडला. हॉर्न समोर टेबलावर पडला होता, त्याच्या तारा लोंबत होत्या, हे मला धावतानाही दिसत होतं. फाटकाशी पोचले तर कडीवर आधीच एक हात होता. मुलाचा. अनवाणी धावत आला होता तो, छाती धपापत होती, कपाळावर घाम. एवढा उंच माणूस, पण खांदे कानांपर्यंत आक्रसलेले. मी त्याला असं कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्या वेळी माझं तोंड नेहमी फाटकाकडे असायचं.

त्याने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. हळूच म्हणाला, "आई, तू आत जा. हॉर्न मी काढला म्हणून सांगतो त्यांना."