होय-नाहीचा डबा

मी पितळेचा एक डबा बोलतोय. बोलतोय मी, पण लिहून घेतोय कचरू. त्याने बजावलंय की आधी माफी मागून घे. चौथीत त्याची शाळा सुटली, आणि तीही निजामाच्या राज्यातली उर्दू शाळा. मराठी अक्षरं तो इकडून तिकडून शिकला. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल. शब्द साधेच असतील. तेवढं सांभाळून घ्या.

जालन्याच्या एका तांबटाने मला घडवलं. ओंजळीत मावेन एवढाच मी आहे. तांबटाने मला बहुतेक सुपारीसाठी केलं असावं. पण विकत घेतलं ते द्वारकाबाईने. राजूरला गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर ती फुलं-नारळ विकायची. सुरुवातीला तिने माझ्यात शेंदूर ठेवला. ते दिवस चांगले होते.

मग एकदा एका शेतकऱ्याने तिला विचारलं, "बाई, इहीर कुठं खांदावी ते देवाला इचारायचं हाय. दोन चिठ्ठ्या टाकायला काही भांडं हाय का?" तिने शेंदूर काढून मला पुसलं आणि पुढे केलं. शेजारच्या लहान पोरीने डोळे मिटून चिठ्ठी उचलली. विहिरीला पाणी लागलं. तो माणूस पेढे घेऊन आला आणि द्वारकाबाईबरोबर मलाही त्याने हळदकुंकू लावलं.

तेव्हापासून लोक मलाच विचारायला लागले. मुलगी त्या घरी द्यायची का, हरवलेली गाय सापडेल का, कोर्टात जाऊ का. माझ्यात कायम दोनच कागद असायचे, एक होय आणि एक नाही. मला काहीच माहीत नसायचं. पण पायरीवर चप्पल काढून, हात जोडून कोणी समोर बसलं की मलाही वाटायला लागायचं, आपल्याला काहीतरी कळत असेल. माणसं इतकी मान देतात, तर उगाच देतील का?

चिठ्ठ्या लिहायचा कचरू. तो द्वारकाबाईच्या बहिणीचा मुलगा. मळून गेलेल्या चिठ्ठ्या ती फेकून द्यायची आणि अकरा-बारा वर्षांच्या कचरूला समोर बसवून नव्या लिहायला लावायची. मराठीत त्याने आयुष्यात पहिल्यांदा लिहिले ते हे दोन शब्द.

पोलिस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्या सालची गोष्ट. एक बाई आली. काळीसावळी, उंच, कपाळ नुकतंच मोकळं झालेलं. नाव झुंबरबाई. नवरा तापाने गेला होता, पदरात एक मुलगा होता. भावाकडे राहू की जालन्याला कापसाच्या जिनिंगात कामाला जाऊ, हा तिचा प्रश्न होता. "जाऊ का?" एवढंच तिने विचारलं. चिठ्ठी निघाली होय. तिने मला कपाळ लावलं आणि गेली. मी तिला विसरलो. अशा शेकडो बाया येऊन जायच्या.

पुढे द्वारकाबाईचे गुडघे धरले, दुकान बंद झालं आणि मी कचरूकडे आलो. तोवर तो जालन्यात धान्य-कापसाच्या मोंढ्याजवळ एका दवाखान्यात कामाला लागला होता. तिथले नरहर डॉक्टर हैदराबादेत शिकलेले. हळू बोलायचे, आणि रागावले की आणखी हळू. कचरू पट्ट्या बांधायचा, बाटल्या धुवायचा, रोग्यांची नावं लिहायचा. त्याने मला खिडकीत ठेवलं. माझ्यात टाचण्या असायच्या.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की दवाखान्याचा ओटा धाप लागलेल्या माणसांनी भरायचा. सरकीचा धुरळा, कापसाची लव, सगळं छातीत. डॉक्टर खोकल्याचं तपकिरी औषध द्यायचे आणि स्वतःच मान हलवायचे. सत्तावन्न साली ते म्हणाले, "कचरू, या लोकांना श्वास सोडायला शिकवलं तर? हात पोटावर ठेवायचा, ओठ फुंकर घातल्यासारखे करायचे आणि हळूहळू सगळी हवा बाहेर सोडायची. सकाळ-संध्याकाळ. यात औषध काही नाही. पण फायदा होतो की आपल्याला तसं वाटतं, हे तपासून बघावं लागेल."

"कसं तपासायचं, डॉक्टरसाब?"

"तीस माणसं घेऊ. औषध सगळ्यांना. व्यायाम फक्त पंधरांना. तीन महिन्यांनी बघू."

"मंग तुम्हीच निवडा की पंधरा."

"मी निवडले तर बरे होण्यासारखे तेवढे निवडीन. माझा हात मला माहीत आहे. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या. त्यात माझं काही चालणार नाही, तुझंही नाही."

चिठ्ठ्या म्हटल्यावर कचरूने टाचण्या काढून मला पुसलं. तीस कागद कापले आणि विचार न करता लिहीत गेला. पंधरा होय, पंधरा नाही. त्याच्या हाताला दुसरं सुचलंच नाही. डॉक्टरांनी पाहिलं. "होय म्हणजे व्यायाम, नाही म्हणजे नुसतं औषध. ठीक आहे, वाचायला सोपं." मला तेव्हा काय वाटलं तेही खरं सांगतो. मला आनंद झाला. इतकी वर्षं टाचण्या सांभाळल्यावर आपल्याला पुन्हा कोणी विचारणार होतं.

चिठ्ठ्यांच्या दिवशी ओट्यावर तीस जण बसले. प्रत्येकाने एका श्वासात किती आकडे म्हणता येतात ते कचरू लिहीत होता. ज्यांना आकडे येत नव्हते ते "मोरया, मोरया" म्हणायचे आणि तो बोटांवर मोजायचा. बॉयलरवरचा भुजंग चौदापर्यंत गेला आणि म्हणाला, "पंधरावा उद्या म्हणतो, आज उधार." डॉक्टरांनी सगळ्यांना समजावून सांगितलं, की व्यायामाचा गुण आला तर तीन महिन्यांनी उरलेल्यांनाही शिकवू. सगळ्यांनी माना हलवल्या.

भुजंगाची चिठ्ठी होय निघाली. त्याने ओट्यावरच गिरकी घेतली आणि खोकत खाली बसला. त्याच्यामागे एक उंच बाई उभी होती. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"कचरू, हा द्वारकाबाईचा डबा न्हाई का रे?"

"व्हय मामी, तिचाच. तुम्ही वळखला?" कचरूला अभिमान वाटला.

"न वळखायला काय झालं? मी जिनिंगात आले ती याच्याच कौलानं."

झुंबरबाईने चप्पल काढली. मला कपाळ लावलं. नऊ वर्षांपूर्वीचं ते कपाळ मला आठवलं, फक्त आता त्याच्यामागून शिट्टीसारखा श्वास ऐकू येत होता. ओट्यावरच्या बाकीच्यांनीही गुपचूप चपला काढल्या. डॉक्टर आत वजनकाटा नीट करत होते, त्यांनी हे पाहिलं नाही. तिने हात घातला. तिची बोटं माझ्या तळाला लागली.

कचरूने वाचलं, "नाही."

"झुंबरबाई, तुला देव न्हाई म्हणला बघ!" भुजंग ओरडला. सगळे हसले. तीही हसली. चिठ्ठीची बारीक घडी करून तिने पदराच्या गाठीला बांधली.

दोन आठवडे ती औषधाला आली. नंतर आलीच नाही. डॉक्टरांनी कचरूला पाठवलं. मोंढ्याच्या मागच्या खोल्यांमध्ये ती राहायची. कचरू दारात उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "डॉक्टरसाबांनी बोलावलंय."

"त्यांना म्हणावं, बाटली दुसऱ्याला द्या. माझं उत्तर मला मिळालंय. खर्चा कशाला करून राह्यले?"

त्याच वेळी त्याने सांगायला हवं होतं. ही चिठ्ठी माझ्या हातची आहे, तिच्यात तुमच्या जिवाबद्दल काही नव्हतं, एवढं एक वाक्य. पण तो लाजाळू माणूस. बायामाणसांसमोर त्याच्या तोंडून धड नाव निघत नाही. तो "बराबर" म्हणाला आणि परत फिरला. बराबर! हा शब्द तो आता लिहितानाही थांबला होता. मीच म्हटलं, लिही.

तीन महिने झाले. होय निघालेले एका श्वासात जास्त आकडे म्हणायला लागले. भुजंग बावीसपर्यंत गेला आणि ओट्यावर पुन्हा गिरकी घेतली, या वेळी न खोकता. नाही निघालेल्यांपैकी जे आले ते जवळपास होते तिथेच होते. कचरूने आकडे आनंदाने डॉक्टरांपुढे ठेवले.

"नाही निघालेल्या पंधरांतले नऊच आलेत," डॉक्टर म्हणाले. "सहा जण गेले कुठे?"

कचरू आकड्यांचा कागद सरळ करत राहिला.

"कचरू?"

मग त्याने सगळं सांगितलं. राजूर, चपला, कपाळ, पदराची गाठ. आणखी दोघांनी घरी जाऊन औषध सांडून दिलं होतं, तेही सांगितलं. डॉक्टर माझ्याकडे वळले. मला खिडकीतून खाली पडावंसं वाटलं.

"म्हणजे मी व्यायाम तपासलाच नाही," ते अगदी हळू म्हणाले. "पंधरा माणसांना देवाच्या तोंडून नाही ऐकवलं आणि ती खचतात का ते पाहिलं. होय-नाही मी वाचलं होतं, कचरू. मीच ठीक म्हटलं होतं." त्यांनी कागदावर आडवी रेघ मारली. "हे आकडे आता कोणाला दाखवायचे नाहीत. बाकीच्या पाच जणांकडे मी जातो. झुंबरबाईकडे मात्र तू जा. ती तुझ्या ओळखीची आहे."

दुपारी कचरूने मला पिशवीत घातलं. वाटेत तो थांबला आणि दोन कागदांवर काहीतरी लिहून माझ्यात टाकले. मी पाहिलं. दोन्ही होय होते.

झुंबरबाई भिंतीला गोधड्यांची चवड लावून, तिला टेकून बसली होती. आता तिला आडवं होता येत नव्हतं. मला पाहताच तिने पदर सावरला.

"आणला का देवाला? बरं झालं. पुन्हा इचारते. मुलाला सांगून सगळं आवरून ठेवलंय बघ. शेळीसुद्धा शेजारच्या नंदाबाईला देऊन टाकली. एवढं एकच राह्यलंय, पुढचा पावसाळा बघंन का ते."

कचरूने माझं झाकण काढलं. तिने हात पुढे केला. मला वाटलं, काढ बाई, काढ. दोन्ही होय आहेत. एकदा तरी माझ्यातून तुझ्या भल्याचं निघू दे. खोटं असलं तर असू दे.

कचरूने मला मागे ओढलं. त्याने दोन्ही कागद काढून फाडले.

"मामी, याच्यात काही न्हाई. कधीच नव्हतं. चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या. कोणाला व्यायाम शिकवायचा आन् कोणाला नंतर शिकवायचा, एवढंच होतं त्यात. जगण्या-मरण्याचं काही नव्हतं. मी बोलवायला आल्तो तवाच सांगायचं होतं. पण सांगितलं न्हाई."

झुंबरबाईचा श्वास शिट्टी घालत राहिला.

"तीन महिने," ती म्हणाली. "तीन महिने मी मरायची तयारी करून राह्यले, आन् तू मला इथं दारात बराबर म्हणून गेल्ता?"

"व्हय."

"आन् जिनिंगात जा म्हणून होय निघालं, ती कुणाची चिठ्ठी?"

कचरूला खोटं बोलता आलं असतं. "तीबी माझीच," तो म्हणाला. "मी तवा बारा वर्षांचा होतो."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. नऊ वर्षांचा धुरळा तिच्या छातीत होता आणि तिला तिथे पाठवणारं कोणी नव्हतं. एक पोरगा होता, आणि एक भांडं. ती मला शिव्या देईल असं वाटलं. तिने शिव्या दिल्या त्या भुजंगाला, नंदाबाईला आणि शेळीला. मग धाप लागून थांबली.

"ऊठ. जा," ती कचरूला म्हणाली. "डबा राहू दे इथं. पुन्हा कुणाच्या हातात द्यायचा न्हाई तो."

मी तिथेच राहिलो. मला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा डबा असेल तर त्यात सुपारी ठेवा, टाचण्या ठेवा, शेंदूर ठेवा. त्याला काही विचारू नका. त्याला काही माहीत नसतं, पण विचारलं की तो खूश होतो. मी खूश झालो होतो. तेच मला सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगचा भोंगा व्हायच्या आत कचरू आला. दाराबाहेर उभा राहिला, हाक मारायची हिंमत होईना. आतून आवाज आला, "सावली दिसून राह्यली तुझी. ये आत. काय शिकवायचं ते जल्दी शिकव, आन् मंग नंदाबाईकडं जाऊन माझी शेळी मागून आण. तूच माग, मी न्हाई मागणार."

त्याने तिला गोधड्यांवर मागे टेकवलं. पोट कसं हलवायचं ते तिला कळेना; श्वास घेतला की खांदेच वर जायचे. कचरूने इकडे तिकडे पाहिलं आणि मला उचलून तिच्या पोटावर ठेवलं. "मामी, याला वर उचला. हातानं न्हाई, श्वासानं. मंग हळू फुंकर मारत खाली सोडा."

मी जागचा हललो नाही. मग बोटभर वर गेलो. तिने ओठ जुळवून हवा सोडली आणि मी खाली येत असतानाच तिला खोकला आला. मी घरंगळलो, झाकण खोलीच्या कोपऱ्यात गेलं. कचरूने ते आणलं, मला शर्टाला पुसलं आणि पुन्हा तिच्या पोटावर ठेवलं.