आधी आजारी पडून दाखवा

व्हर्ना मचाडो शाळेच्या स्वयंपाकघरात कामावर पोहोचली, तेव्हा पलीकडच्या बदामाच्या बागांत बदाम पाडायला झाडं हलवण्याचं यंत्र सुरू झालं होतं. धूळ थेट खेळाच्या मैदानापर्यंत येत होती. आमच्या गावात सप्टेंबर असाच येतो. ज्यांच्या घरी दम्याचं लेकरू आहे, ते या महिन्यात खिडकी उघडत नाहीत.

व्हर्नाची डेलिया अकरा वर्षांची. इनहेलरच्या एका फवाऱ्यानं तिचा दमा सहा वर्षं ताब्यात ठेवला होता, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. जानेवारीत शाळेच्या नोकरीतून मिळणाऱ्या विम्याच्या कंपनीनं तो फवारा मंजूर औषधांच्या यादीतून काढला आणि भुकटीचं स्वस्त औषध पुढे केलं. ती भुकटी छातीत जोरानं ओढून घ्यावी लागते. डेलियात तेवढा जोर असता, तर रडायचं कशाला? डॉक्टरांनी दोनदा कंपनीला तसं लिहिलं. त्या सकाळी उत्तर आलं, तसा दवाखान्यातल्या रोसाल्बानं फोन केला.

"म्हणतात, आधी आमचं औषध नापास होऊ दे."

"नापास म्हणजे?"

"हॉस्पिटलात भरती. डेलिया यंदा एकदाही भरती झाली नाही ना, म्हणून त्यांच्या लेखी पोरगी ठणठणीत."

"अगं, भरती होऊ नये म्हणून तर साठवलेल्यातला शेवटचा फवारा पुरवून पुरवून देतेय! दोनाच्या जागी एकदाच. पदरचा घ्यायचा तर अर्धा पगार जातो."

रोसाल्बा हळूच म्हणाली, "ऐक माझं. एखाद्या दिवशी धाप लागली की फवारा देऊच नकोस. सरळ इमर्जन्सीत ने. एकदा नोंद झाली की सुटलीस. सगळे तेच करतात, बाई."

"पोरीला मुद्दाम गुदमरू देऊ? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

व्हर्नानं ते केलं नाही. पण फवारा शेवटी संपलाच, आणि त्याच आठवड्यात डेलिया मैदानावर कोसळली. ओठ निळे पडले होते. तीन दिवस तिच्या वतीनं यंत्र श्वास घेत होतं.

ती वाचली. चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. 'प्रथम औषध अपयशी ठरल्याची अट पूर्ण झाली आहे. मंजुरी एक वर्षासाठी. त्यानंतर प्रक्रिया नव्याने.' म्हणजे पुढच्या वर्षी डेलियानं पुन्हा मरणाच्या दारात जाऊन यायचं! हे वाक्य लिहिणाऱ्याच्या घरी लेकरं नसतील का? असतील. त्यांची औषधं यादीत असतील.

ऑक्टोबरमध्ये गावच्या शाळा चालवणाऱ्या शिक्षण मंडळाची बैठक होती. शाळेच्या नोकरदारांसाठी त्याच विमा कंपनीशी पुन्हा करार करायचा, हा विषय होता. आमच्याकडे मतदानाआधी गावातल्या कुणालाही माईकवर तीन मिनिटं मिळतात, मग घंटी वाजते.

"व्हर्ना, तुझ्या लेकीचं ऐकून फार वाईट वाटलं," अध्यक्ष ग्लेन टिपटन म्हणाला. "पण कंपनीचे नियम आपण थोडेच बनवतो? बोल, तीन मिनिटं आहेत."

"कंपनी तुम्हीच निवडता ना?"

व्हर्नानं पिशवीतून कॉफी ढवळायच्या बारीक नळ्या काढल्या आणि अध्यक्षासकट पाचही सभासदांपुढे एकेक ठेवली. "मी भाषण करणार नाही. नाक दाबा, नळी ओठांत धरा. तीन मिनिटं एवढ्यातूनच श्वास घ्या."

कुणीतरी कसनुसं हसलं. सभासदांतल्या म्हाताऱ्या ओपलबाईंनी आधी नळी उचलली, मग लाजेकाजेनं बाकीच्यांनी. नळ्यांतून बारीक शीळ येऊ लागली. डेलियाच्या छातीतला हा आवाज व्हर्ना अंधारात, भिंतीपलीकडूनसुद्धा ओळखायची.

चाळीस सेकंदांत ग्लेननं नळी भिरकावली. चेहरा लालबुंद झाला होता. "हा काय पोरखेळ लावलाय! पुरे, खाली बस."

"घंटी वाजली नाही अजून, ग्लेन." व्हर्ना जागची हलली नाही. "दोन मिनिटं वीस सेकंद बाकी आहेत. माझ्या पोरीला नळी काढता आली नव्हती. उचल ती."

ग्लेननं सभागृहाकडे पाहिलं. व्हर्नाच्या मागे आता रांग लागली होती, आणि रांगेत पहिली रोसाल्बा होती.

"यानंतरची तीन मिनिटं माझी," ती म्हणाली. "नळ्या तोंडातच राहू द्या."