उसाच्या फडातली पुस्तकं

नगरला ग्रंथपालनाचा वर्ग करत होते तेव्हा सर एकच गोष्ट ठासून सांगायचे, पुस्तक वाचकाच्या हातात पाहिजे. मी येडी, ते खरं धरून बसले. पाथर्डीहून एसटीत उभी जायचे, उभी यायचे. पास झाले आणि आमच्याच गावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले. आईनं गल्लीभर पेढे वाटले.

दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. पोरंही आईबापामागं जातात. गेल्या साली मी त्या पोरांना हंगामभर पुरतील एवढी पुस्तकं देऊन टाकली. कडूबाई मावशीची राजेश्वरी नववीत होती, तिनं तर पिशवी भरून नेली. मला लई भारी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि ऐन हंगामात तपासणी आली. साहेब बघतात तर कपाटं अर्धी रिकामी आणि वाचक कुणी गावातच नाही. मी म्हणाले, "साहेब, पुस्तकं उसाच्या फडात आहेत, वाचकांबरोबर." साहेब हसले नाहीत. म्हणाले, "बाई, मला इथं जे दिसतं तेच मी लिहिणार."

वाचनालयाची मान्यता जाता जाता राहिली, ती आमचे सचिव रामहरी अण्णा हातापाया पडले म्हणून. कपाटांना कुलपं लागली, किल्ल्या अण्णांच्या खिशात गेल्या, आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांना पुस्तक द्यायचं नाही असा ठराव झाला. हंगाम संपल्यावर सगळी पुस्तकं परत आली, एकसुद्धा कमी नाही. पण ते बघायला साहेब थोडेच येणार होते?

मी अण्णांशी कडाकडा भांडले. म्हटलं, "नुसती राखणच करायची तर वॉचमन ठेवा की. मी कशाला शिकले?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "धनश्री, मान्यता गेली तर ना पुस्तकं राहतील, ना तू. सांग, मी काय करू?" अण्णा वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

परवा टोळी निघाली. देवळापाशी ट्रॅक्टर उभा, वर भांडीकुंडी, पत्रे, शेळ्या. राजेश्वरी रिकामी पिशवी घेऊन पळत वाचनालयात आली, मागून कडूबाई मावशी.

"ताई, औंदा धावी हाय माझी. विज्ञानाची पुस्तकं द्या. आन तुमच्यावानी ग्रंथपाल व्हायला काय शिकावं लागतं, त्याचंबी असलं तर द्या."

अण्णांना मी सकाळपासून फोन लावत होते, ते उचलत नव्हते. मी तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता रडेल. ती कपाटापाशी गेली, काचेला कपाळ टेकवलं आणि वरच्या फळीपासून पुस्तकांची नावं वाचायला लागली. दुसऱ्या फळीवर आली तोवर मुकादमानं हॉर्न दिला.

"हितं बसून वाचाया तर चालतं ना, ताई?"

"चालतं."

"मंग आल्यावर वाचीन."

ती येणार तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असणार. हे तिलाही माहीत होतं.

कडूबाई मावशीनं पिशवीची घडी घातली, काखेत मारली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"वाईट नका वाटून घिऊ, ताई. आमचं काय, निभल कसंबी. तुमच्या तरी हातात काय हाय?"

तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.